थरांची साक्ष – लेखांक ६ : कऱ्हेच्या दरडीतले कोरडे आणि ओले काळ

गेल्या आठवड्यात आपण समुद्रतळाच्या गाळाकडे पाहिले. हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी १९७६ साली त्याच गाळातून हवामानाची सुमारे २३ हजार, ४१ हजार आणि १ लाख वर्षांची आवर्तने मोजून दाखवली आणि त्यांचा मेळ पृथ्वीच्या कक्षेतील व आसातील फेरफारांशी घातला. समुद्रात गाळ संथपणे आणि जवळजवळ अखंड साचतो, म्हणून ती मोजणी जमते. नदी साचवते तशी कापूनही नेते, त्यामुळे बारामती-इंदापूरच्या दरडींत वर्षांचा हिशेब लागत नाही. तरीही पावसाळ्याचा जोर आलटून पालटून वाढला आणि घटला, एवढे इथे ठामपणे वाचता येते. हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्याच मोसमी पावसाचा आहे.

कऱ्हा पुरंदरच्या डोंगरांतून निघून जेजुरी, मोरगाव, बारामती करत नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेत जाते. या खोऱ्यातल्या दरडींत पिवळसर गाळमाती, मध्ये वाळू-गोट्यांचे घट्ट थर आणि जागोजागी चुनखडीचे खडे दिसतात. काळ्या पाषाणातला चुना पावसाच्या पाण्यात उतरतो, कोरड्या महिन्यांत पाणी उडून जाते आणि चुना मातीत गोळा होतो. पाऊस भरपूर असला तर चुना खाली निचरून जातो. यावर कोणी म्हणेल की बारामती आजही पर्जन्यछायेत आहे, वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. असे खडे इथे कधीही बनतील, मग बदल झाला हे कशावरून? आक्षेप रास्त आहे, नुसत्या खड्यांवरून काहीच ठरत नाही. पण गोट्यांच्या थरातले खडे हातात घेऊन नीट पाहावेत. मातीत जागच्या जागी वाढलेला खडा आल्याच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा, फाटे फुटलेला असतो. या थरांत मात्र घासून गोल झालेले खडेही सापडतात. ते आधी कोरड्या काळातल्या मातीत बनले, मग नदीने तोच काठ कापून त्यांना उकरले, वाहवत नेले आणि नव्या गाळात पुरले.

नदी भरते केव्हा आणि कापते केव्हा? पाऊस रोडावला की डोंगरउतारावरचे गवत विरळ होते, माती-मुरूम सुटून पात्रात येतो आणि तो पुढे ढकलण्याचे बळ पाण्यात उरत नाही, पात्र उंचावते. पाऊस जोर धरतो तेव्हा उतार झाकले जातात, पाणी वाढते, ओझे घटते आणि नदी स्वतःचाच गाळ चिरत खाली जाते. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ साली ‘नेचर’मध्ये वायव्य दख्खनच्या नद्यांचा असाच इतिहास मांडला: हिमयुगाच्या शेवटाकडे भराव, त्यानंतर मोसमी पाऊस बळावल्यावर खोदाई. हे सारे जमीन उचलली गेल्याने झाले असेल, अशी शंका घेता येते. परंतु नुसत्या उचलण्याने खोदाई समजते, आधीचा जाड भराव समजत नाही. समुद्राची पातळी बदलल्याचा परिणामही शेकडो किलोमीटर खडकाळ पात्रे ओलांडून इथवर पोचणे अवघड.

खरी अडचण कालमापनाची आहे, आणि तिचे केंद्र बारामती तालुक्यातलेच मोरगाव आहे. तिथे कऱ्हेच्या गाळात सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच परिसरात अश्युलियन, म्हणजे आदिमानवाच्या हातकुऱ्हाडींच्या परंपरेतली, दगडी हत्यारे मिळाली आहेत. वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली द्वीपकल्पातली सगळी टोबा राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि सहकारी मात्र गाळाच्या चुंबकीय दिशेवरून मोरगावची राख ७ लाख ८० हजार वर्षांहून जुनी मानतात. राखेचा थर नंतरच्या पुरांनी उचलून पुन्हा पसरवला असेल, तर वाद आणखी गुंततो. या तंट्याने थरांचा क्रम मात्र बिघडत नाही. कोरड्या काळात बनलेले, मग उपसले गेलेले खडे कोणत्याही तारखेला तेच सांगतात. वाद मिटेपर्यंत कऱ्हेचा अमुक थर २३ हजार वर्षांच्या अमुक आवर्तनाला जोडणे मात्र टाळलेच पाहिजे. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातीबाबतही अशीच घाई होते. तिच्याकडे पुढच्या आठवड्यात वळू.