मोझेलचा उतार आणि जकातीचा हिशेब

युरोपीय संघाबरोबरच्या व्यापार कराराची बातमी आली आणि आपल्याकडे गप्पा रंगल्या त्या फ्रेंच आणि इटालियन वाइनच्या. 150 टक्के आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार, मग बोर्दोची बाटली कितीला पडेल, नाशिकच्या वायनरींचे काय होईल, हे सगळे चघळून झाले. जर्मनीचे नाव क्वचितच निघाले. पण जकात उठली की द्राक्ष पिकवणाऱ्याचे काय होते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने जर्मनीतच जावे. ट्रिअर ते कोब्लेन्झ या मोझेल नदीच्या पट्ट्यात तो सगळा इतिहास उघड्यावर मांडलेला आहे.

आपले पर्यटक वाइनची नदी म्हणून पाहतात ती ऱ्हाइन. बोपार्ड ते सांक्ट गोआर बोटीचा फेरा, लोरेलायचा कडा, फोटो, की बस पुढे निघाली. ती दरी देखणी आहे, 2002 पासून जागतिक वारसा यादीतही आहे. पण कोब्लेन्झला तिला येऊन मिळणारी मोझेल मला तिच्यापेक्षा मोलाची वाटते. ट्रिअरहून कोब्लेन्झ सरळ रेषेत 100 किलोमीटरच्या आसपास. मोझेल वळणे घेत घेत जवळपास दुप्पट अंतर कापते. प्रत्येक वळणाच्या आत एक गाव, आणि समोरच्या डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत द्राक्षवेली.

इथली वाइन रोमनांपासूनची. ट्रिअरच्या संग्रहालयात नोयमागेनला सापडलेले दगडी जहाज आहे, इसवी सन 220 च्या सुमाराचे. दोन्ही टोकांना हिंस्र प्राण्यांची मस्तके, मध्ये ओळीने रचलेली लाकडी पिंपे, आणि त्यांच्या खालून वल्ही मारणारे दाढीवाले खलाशी. वाइनच्या एका व्यापाऱ्याच्या थडग्यावरचे हे शिल्प. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीही या खोऱ्याचा पैसा द्राक्ष पिकवण्याइतकाच वाइन लांब नेऊन विकण्यात होता. लांबच्या बाजारात जे घडेल ते इथल्या उतारावर उमटणार, हे तेव्हापासून ठरलेले.

त्याचा सर्वांत कडू अनुभव एकोणिसाव्या शतकातला. 1815 नंतर हा मुलूख प्रशियाकडे आला. प्रशियाने बाहेरच्या वाइनवर जबर जकात बसवली होती, त्यामुळे मोझेलच्या बागायतदाराला अख्ख्या राज्याची बाजारपेठ मोकळी मिळाली. भाव चढले, लोकांनी कर्ज काढून नव्या लागवडी केल्या. मग दक्षिणेकडच्या जर्मन राज्यांशी करार झाले आणि 1834 मध्ये सामायिक जकात संघ आला. दक्षिणेच्या उबदार सपाटीवरची स्वस्त वाइन बिनजकात आत आली. मोझेलचे भाव कोसळले, जमिनी लिलावात निघाल्या, कितीतरी कुटुंबे अमेरिकेची वाट धरून गेली.

हे सारे ज्याने छापायला घेतले तो ट्रिअरच्याच एका वकिलाचा मुलगा होता: कार्ल मार्क्स. तेव्हा तो अवघा 24 वर्षांचा, कोलोनच्या ‘राइनिशे त्सायटुंग’चा संपादक. मोझेलच्या हलाखीवर पत्रात आलेल्या बातम्या खोट्या आहेत, पुरावा द्या, असे प्रांताच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने बजावले. जानेवारी 1843 मध्ये मार्क्सने स्वतः उत्तर लिहिले. त्याचा मुद्दा आजही लागू पडतो. कारभार चालवणाऱ्याला आपल्या कारभारात दोष आहे हे दिसूच शकत नाही, म्हणून शेतकरी वाढवून सांगतो असेच त्याला वाटत राहते. आणि बाजू मांडायची तर शेतकऱ्याकडे मोकळ्या वर्तमानपत्राखेरीज दुसरी जागा नसते. मार्चअखेर ते वर्तमानपत्र सरकारने बंद पाडले. पुढे 1859 मध्ये मार्क्सने लिहून ठेवले की आपण अर्थव्यवहाराच्या प्रश्नांकडे वळलो ते लाकूडचोरीच्या कायद्यामुळे आणि मोझेलच्या शेतकऱ्यांमुळे. ट्रिअरला त्याचे जन्मघर पाहायला जगभरातून लोक येतात. त्यांतल्या प्रत्येकाने दुसऱ्या दिवशी उतारावर चढावे, असे मला कळकळीने वाटते. त्या लेखातली माणसे तिथे राबत होती.

तो उतार जवळून पाहण्यासारखा आहे. ब्रेम गावाच्या वरचा काल्मोंट हा युरोपातला सर्वांत खडा द्राक्षमळा मानतात. काही ठिकाणी चढ 65 अंशांच्या घरात जातो. पायाखाली माती जवळजवळ नाहीच, निळ्या-करड्या पाटीच्या दगडाच्या चिपा असतात. आपण शाळेत ज्यावर अक्षरे गिरवली तोच हा दगड, सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा. तो दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. शिवाय दक्षिणेकडे तोंड केलेल्या खड्या उतारावर सूर्यकिरण जास्त थेट पडतात. इतक्या उत्तरेला रिस्लिंग जातीची द्राक्षे पिकतात ती या जुळणीमुळे. नाशिककडची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी इथे नाही. हिवाळ्यात एकच छाटणी. जुन्या मळ्यांत तारा नाहीत, मांडव नाही, प्रत्येक वेलीला स्वतंत्र खुंट. वसंताच्या तोंडावर तिच्या दोन काड्या दोन बाजूंना वाकवून खुंटालाच बांधतात, तेव्हा तिचा आकार बदामासारखा दिसतो. ट्रॅक्टर इथे उभा राहत नाही. काही ठिकाणी एका रुळावरून चढणारी छोटी गाडी माणसे आणि क्रेट वर नेते, बाकी सगळे पाठीवर. सपाटीवर यंत्राने काम काही शे तासांत उरकते. इथे हेक्टरमागे वर्षाला हजारावर तास जातात.

आता गावे पाहू. कोखेमचा किल्ला प्रत्येक पोस्टकार्डावर असतो. मूळ किल्ला 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने उडवला आणि आजचा बर्लिनच्या एका उद्योगपतीने 1868 नंतर बांधवून घेतला, इतके कळले की पुढे निघावे. ट्राबेन-ट्रारबाखला मात्र थांबायला हवे. 1900 च्या सुमारास मोझेलच्या रिस्लिंगला युरोपातल्या बड्या हॉटेलांत उत्तम बोर्दोच्या तोडीचा भाव मिळे, आणि वाइनच्या व्यापारात बोर्दोखालोखाल या जुळ्या गावाचे नाव घेतले जाई. व्यापाऱ्यांनी बर्लिनहून ब्रूनो म्योरिंग हा वास्तुरचनाकार बोलावला. त्याने पुलाचा दरवाजा, हॉटेल, बंगले, वायनरी असे गाव नटवले. भुईखाली मजले खणून तळघरे काढली. पुढे महायुद्धे, मंदी आणि बदललेली चव यांनी तो व्यापार ओसरला. म्योरिंगच्या एका वायनरीत आज बुद्धमूर्तींचे संग्रहालय आहे.

बेर्नकास्टल-कुसमध्ये पर्यटक लाकडी चौकटींच्या घरांपुढे गर्दी करतात. मी म्हणेन, पूल ओलांडून कुसच्या बाजूला जा. तत्त्वज्ञ आणि कार्डिनल निकोलाउस कुझानस याने पंधराव्या शतकात इथे, आपल्या गावात, 33 गरीब वृद्धांसाठी आश्रम बांधला. संख्या येशूच्या वयावरून ठरवलेली. खर्चासाठी जमिनी आणि द्राक्षमळे लावून दिले. साडेपाचशे वर्षांनंतरही तिथे वृद्ध राहतात, कुझानसचे हस्तलिखितांचे ग्रंथालय जागेवर आहे आणि आश्रमाच्या मळ्यांची वाइन विकली जाते. या एका वास्तूसाठी मी कुठलाही किल्ला सोडून देईन.

पण समोरच्या उतारावर आता वेलींच्या मध्ये काटेरी झुडपांचे पट्टे दिसतात. 1990 च्या सुमारास मोझेलच्या खोऱ्यात 12 हजार हेक्टरांवर द्राक्षे होती. आता साडेआठ हजारांच्या आसपास. घरच्या मुलांना हे कष्ट नकोत, तोडणीला पोलंड-रुमानियातून मजूर येतात, आणि सुपरमार्केटातली स्वस्त बाटली भाव ठरवते. त्यात हवामान. गोठलेल्या द्राक्षांपासूनच्या आइसवाइनला उणे 7 अंश लागतात. 2019 च्या हंगामात जर्मनीच्या एकाही भागात तेवढी थंडी तोडणीपुरती पडली नाही. उष्णतेने रिस्लिंगला मात्र पिकायला सोपे झाले, तेव्हा आजची अडचण मुख्यतः भावाची आहे. म्हणूनच शुल्क उतरेल तेव्हा आपल्या आयातदारांनी इथली सर्वांत स्वस्त बाटली उचलू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग’ अशा नावाखाली आसपासच्या सपाटीचे मिश्रण येते. ‘पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशन’ म्हणजे गावामागचा खरा उतार. लेबलावर मळ्याचे नाव आणि ‘काबिनेट’ हा शब्द पाहावा. ती हलकी असते, अल्कोहोल आठ-नऊ टक्के, किंचित गोड आणि लख्ख आंबट. आपल्या तिखट जेवणाला इतकी जुळणारी दुसरी वाइन मला माहीत नाही.

करार लागू व्हायची वाट पाहण्याचे कारण नाही. शरदात युरोपला जाणार असाल तर ऱ्हाइनचा फेरा आटोपून कोब्लेन्झहून ट्रिअरची रेल्वे धरा, बुलाईला गाडी बदला आणि ट्राबेन-ट्रारबाखला मुक्काम टाका. रिस्लिंगची तोडणी ऑक्टोबरमध्ये चालू असते. गावोगाव बागायतदार आपल्या अंगणात ‘स्ट्राउसविर्टशाफ्ट’ उघडतात. परवाना न घेता वर्षातले चार महिने, 40 खुर्च्यांपर्यंत, स्वतःचीच वाइन आणि साधे जेवण द्यायची त्यांना मुभा आहे. तिथे घेतलेल्या बाटलीचा सगळा पैसा पिकवणाऱ्याच्या हातात पडतो.