‘सोपें’ कोणास?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या पुतण्याला नोकरीच्या मुलाखतीचें बोलावणें आलें. ठरलेला दिवस त्याच्या परीक्षेचाच निघाला, म्हणून त्यानें कचेरीस इंग्रजींत कळविलें, ‘आय ॲम डिफिकल्ट टु कम ऑन मंडे.’ तिकडून पुढें कांहींच उत्तर आलें नाहीं. पत्राची प्रत घरांत वाचली गेली तेव्हां माजघरापर्यंत हंशा पिकला, आणि त्या हंशांत आम्हीहि सामील होतों. रात्रीं मात्र वाटलें, मुलगा हुशार, पदवीपर्यंत इंग्रजी शिकलेला. मग ही चूक आली कोठून?

ती आली आपल्या मराठींतून. ‘मला सोमवारीं येणें कठीण आहे’ हें वाक्य त्याच्या मनांत होतें. त्यांतील पहिला शब्द त्यानें पहिला ठेवला, एवढेंच. परंतु अशा वाक्यांत इंग्रजी भाषा कठीणपणा माणसास लावीत नाहीं, कामास लावते. म्हणून तेथें ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टु कम’ असें म्हणावें लागतें. पंक्तींत कोणाची जागा राखण्यासाठीं पाटावर तांब्या ठेवावा, तसा तो ‘इट’. खरा कर्ता ‘टु कम’ मागाहून येतो आणि आपल्या ‘मला’मधील ‘ला’ ‘फॉर’च्या रूपानें मध्यें बसतो. ‘आय ॲम डिफिकल्ट’ म्हणजे मी मोठा अवघड स्वभावाचा माणूस! कचेरीनें कदाचित् तसाच अर्थ घेतला असेल.

आपल्या ‘ला’ला इंग्रजींत एकच जोडीदार नाहीं, हीच खरी अडचण. ‘त्याला पुस्तक दे’ यांत तो ‘टु’ होतो. ‘त्याला वाचणें सोपें आहे’ यांत ‘फॉर’. लहानपणीं मुलांच्या मनांत ‘ला म्हणजे टु’ असें ठसतें, आणि मग ‘ईझी टु मी टु रीड’ असें दोन ‘टु’चें वाक्य जन्मास येतें.

त्याहून नाजूक प्रश्न ‘ऑफ’चा. ‘इट वॉज काइंड ऑफ यू टु कम’ येथें ‘फॉर’ चालत नाहीं. याची एक घरगुती कसोटी आम्हांस सांपडली आहे. वाक्य मराठींत षष्ठीनें फिरवून पाहावें. ‘तुम्ही आलांत हा तुमचा चांगुलपणा’ असें म्हणतां येतें; गुण माणसाचा आहे, तेथें ‘ऑफ’. काइंड, फूलिश, रूड हीं या वर्गांतलीं. ‘येणें हा तुमचा कठीणपणा’ असें कोणी म्हणत नाहीं; तेथें ‘फॉर’. ‘गुड’ मात्र दोहींकडे नांदतो. डॉक्टरांनीं आजोबांस फिरणें ‘गुड फॉर यू’ सांगितलें, तर प्रकृतीस हितकर. ‘गुड ऑफ यू’ म्हटलें, तर आजोबांनीं फिरायला जाऊन डॉक्टरांवर उपकारच केले!

जपानांत इंग्रजी शिकविणाऱ्या हॉर्नबी यांनीं ही अडचण ओळखली होती. शब्दाचा अर्थ देऊन भागत नाहीं, क्रियापदापुढें वाक्य कसें चालतें तेंहि सांगितलें पाहिजे, म्हणून १९४२ सालीं टोकियोंत निघालेल्या त्यांच्या कोशांत वाक्यांचे सांचे क्रमांकांनीं दिले होते. पुढें १९४८ पासून तो कोश ऑक्सफर्डनें काढला.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या घरांतलीं मुलें तरी कोठें चुकत नाहींत? ‘ईगर टु प्लीज’ आणि ‘ईझी टु प्लीज’ दिसायला सारखीं. पण पहिल्यांत तो दुसऱ्यास खूष करूं पाहतो, दुसऱ्यांत त्याला खूष करणें सोपें असतें. कॅरल चॉम्स्की या विदुषींनीं ५ ते १० वर्षांच्या मुलांपुढें डोळे बांधलेली बाहुली ठेवून, ती ‘ईझी टु सी’ कीं ‘हार्ड टु सी’, असें विचारलें. लहानांपैकीं पुष्कळांनीं ‘हार्ड’ म्हटलें. बाहुलीलाच दिसत नाहीं, असा त्यांचा समज! तें पुस्तक १९६९ सालीं निघालें. ‘टेल’ आणि ‘प्रॉमिस’ यांचीहि परीक्षा त्यांनीं घेतली. दोहोंपुढें ‘हिम टु गो’ तेंच. पण पहिल्यांत जाणारा तो, दुसऱ्यांत जाणारा बोलणारा स्वतः. येथें मराठी अधिक सोयीची. ‘त्याला जायला सांगितलें’ आणि ‘त्याला जाण्याचें वचन दिलें’, प्रत्ययच निराळे.

हें सर्व आम्हीं पुतण्यास सांगितलें, हंसल्याबद्दल थोडी क्षमाहि मागितली. परवां दुसऱ्या कचेरीस धाडावयाचें पत्र त्यानें आम्हांस दाखविलें. ‘इट विल बी डिफिकल्ट फॉर मी टु कम’ असें स्वच्छ लिहिलें होतें. आम्हीं त्यांत एकच दुरुस्ती केली. तारीख चुकली होती.