गाणे कोणाचे, मोजणी कोणाची?

तंत्रज्ञान कंपन्यांनी संगीताचा व्यवसाय गिळंकृत केला, अशी तक्रार आज सर्वत्र ऐकू येते. भारतात मात्र अशी उलथापालथ चार दशकांपूर्वीही झाली होती आणि तिचे एक प्रमुख केंद्र दिल्लीला खेटून असलेले नोएडा होते. आज गौतम बुद्धनगर जिल्ह्यात असलेले हे शहर १९९७पर्यंत गाझियाबाद जिल्ह्यात मोडत असे.

दिल्लीच्या दर्यागंजमधील एका फळरस विक्रेत्याचे चिरंजीव गुलशन कुमार यांनी १९८३मध्ये ‘सुपर कॅसेट्स’ ही कंपनी स्थापन केली. तिलाच आपण ‘टी-सीरिज’ म्हणून ओळखतो. तोवर ध्वनिमुद्रिकांच्या बाजारावर ग्रामोफोन कंपनीची हुकूमत होती आणि घरी संगीत ऐकणे ही सुखवस्तूंची चैन होती. स्वस्त कॅसेटने ही चौकट मोडली. किराणा दुकानात आणि पानटपरीवर गाणी मिळू लागली. पश्चिम उत्तर प्रदेशातील रागनी आणि ब्रजचा रसिया गाणाऱ्यांना गावाबाहेरचा श्रोता लाभला. महाराष्ट्रात भीमगीते आणि लोकगीते याच वाटेने घरोघर पोहोचली. कॉपीराइट कायद्यातील एका तरतुदीनुसार जुने गीत ठरावीक मुदतीनंतर, मोबदला भरून, नव्या आवाजात ध्वनिमुद्रित करता येत असे. तिचाही या कंपनीने पुरेपूर लाभ घेतला. अनुराधा पौडवाल यांचा आवाज देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचण्यात याच कॅसेटचा मोठा वाटा होता. प्रस्थापितांना ही लूट वाटली, श्रोत्यांना मुक्ती.

पुढे भूमिका उलटल्या. २००७मध्ये याच कंपनीने यूट्यूबला आणि २००८मध्ये मायस्पेसला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. वापरकर्त्यांनी विनापरवाना चढवलेल्या गाण्यांना ही संकेतस्थळे जबाबदार आहेत, असा तिचा दावा होता. मायस्पेसच्या प्रकरणात २०१६मध्ये खंडपीठाने निर्वाळा दिला, की उल्लंघनाची प्रत्यक्ष माहिती असल्याखेरीज मध्यस्थाला दोषी धरता येणार नाही. यूट्यूबशी मात्र तत्पूर्वीच समेट झाला होता आणि २०१९मध्ये दहा कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडणारी यूट्यूबवरील पहिली वाहिनी टी-सीरिजचीच ठरली. दोन बलाढ्यांचे भांडण असे भागीदारीत मिटले. त्या भागीदारीच्या वाटाघाटींत गायक कुठेच नव्हता.

कॅसेटच्या काळात वाद नक्कल करण्याच्या अधिकाराचा होता. आज तो मोजणीचा आहे. स्पॉटिफायसारख्या सेवांत श्रोत्याने भरलेली वर्गणी त्याने ऐकलेल्या गायकाला थेट मिळत नाही. सारी रक्कम प्रथम एकत्र होते, सेवेचा हिस्सा वजा होतो आणि उरलेल्या रकमेची वाटणी एकूण श्रवणातील वाट्यानुसार होते. २०२४पासून स्पॉटिफायने आणखी एक अट घातली : बारा महिन्यांत किमान हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला त्यातून काहीच मिळणार नाही. गाझियाबादच्या खेड्यातील रागनी गायकाला किंवा सांगलीच्या शाहिराला गाणे जगापुढे ठेवणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. त्यातून चरितार्थ चालवणे मात्र तितके सोपे राहिलेले नाही.

कायद्याने काहीच केले नाही, असे नव्हे. जावेद अख्तर यांच्या पाठपुराव्यामुळे २०१२च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनाचा हक्क करारानेही हिरावून घेता येणार नाही, अशी तजवीज केली. गायकांनाही व्यावसायिक वापरातील वाटा मान्य झाला. परंतु ज्या वैधानिक परवान्यात दर कायद्याने नेमलेली यंत्रणा ठरवते, तो इंटरनेटवरील सेवांना लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ‘टिप्स’ विरुद्ध ‘विंक’ खटल्यात २०१९मध्ये म्हटले. २०२२मध्ये खंडपीठानेही ते उचलून धरले. निर्मात्याला आपल्या मालमत्तेची किंमत ठरवता यावी, हे योग्यच. मात्र त्यामुळे दर खासगी वाटाघाटींत ठरतात. बड्या कंपनीपाशी त्यासाठी बळ असते. एकट्या कलावंतापुढे छापील करार येतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने नवा प्रश्न उभा केला आहे. ‘एएनआय’ने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या खटल्यात आपलेही म्हणणे ऐकावे, अशी मागणी टी-सीरिज, सारेगामा आदी कंपन्यांच्या वतीने २०२५मध्ये करण्यात आली. परवानगीविना गाण्यांवर यंत्रे शिकवली जाऊ नयेत, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. तथापि उद्या नुकसानभरपाई मिळालीच, तर ती कंपनीच्या तिजोरीत थांबेल की ज्याच्या गळ्यातून गाणे निघाले त्याच्यापर्यंत पोहोचेल?

याचे उत्तर बाजारावर सोपवता येणार नाही. किती वेळा गाणे ऐकले गेले, कोणत्या दराने पैसे जमा झाले आणि मधल्या मध्ये कोणी किती ठेवले, याचा तपासता येण्याजोगा हिशेब प्रत्येक कलावंताला मिळणे, हा त्याचा हक्क ठरला पाहिजे. शेतकऱ्याच्या मालाचे माप त्याच्या डोळ्यांदेखत व्हावे, हे तत्त्व आपण बाजार समित्यांसाठी कधीच मान्य केले आहे. गाणाऱ्याच्या बाबतीत त्याला अपवाद करण्याचे कारण नाही.