गाय काठियावाडची, वही ब्राझीलची

व्यापारात मालाला किंमत असते, पण मालाच्या ओळखीला त्याहून जास्त किंमत असते. आम्हा कापडवाल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन थान एकाच सुताचे, पोत एकच. पण ज्यावर भरवशाच्या गिरणीचा छाप, त्याचे पैसे गिऱ्हाईक घडी न उलगडता मोजते. गुरांच्या धंद्यातही हाच कायदा चालतो. त्याचा दाखला म्हणून आम्ही आज काठियावाडातून ब्राझीलला गेलेल्या गीर गाईची आणि तिला सांभाळणाऱ्या एका घराण्याची हकीकत सांगणार आहोत. दूधवाल्या बांधवांनी ती वाचावीच, पण इतर व्यापारी व कारागीर बांधवांनाही तीत घेण्यासारखे पुष्कळ आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राझीलच्या जमीनदारांना कळून चुकले की युरोपातून आणलेली गाय त्यांच्या उन्हात आणि गोचिडांत टिकत नाही. भारतीय गुरे मात्र टिकतात. मग उबेराबा या गावचे व्यापारी थेट हिंदुस्थानात येऊन गुरे खरेदी करू लागले. आपला ओंगोल तिकडे ‘नेलोर’ झाला, कांकरेज ‘गुझेरा’ झाला आणि गीर मात्र गीरच राहिला. हा व्यापार जोखमीचा होता. 1920 मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली आणि तेथे बुळकांडीची साथ पसरली. त्या धक्क्यातूनच 1924 मध्ये पॅरिसला जनावरांच्या रोगांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. पुढे ब्राझीलची आयात अधूनमधूनच झाली आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली.

कानावर भाव

सुरुवातीला तिकडेही धंदा डोळ्यांवर चालत होता. लांब कान, मोठे वशिंड, डौलदार चाल यांवर भाव ठरत असे. निरनिराळ्या भारतीय जातींचा संकर करून ‘इंदुब्राझील’ नावाची लांब कानांची गुरे तयार झाली आणि त्यांच्या वळूंवर सट्टा लागला. दूध किती, वजन किती, हे फारसे कोणी विचारीना. दुसरे महायुद्ध संपण्याच्या सुमारास हा फुगा फुटला आणि अनेकांचे पैसे बुडाले. ज्या मालाचा भाव केवळ दिसण्यावर चढतो, तो उतरतानाही कोणाला विचारत नाही.

फुगा फुगत असतानाच दुसरीकडे एक शांत काम सुरू झाले होते. उबेराबाच्या पशुपालक संस्थेने 1938 पासून या गुरांची रीतसर वंशनोंदणी हाती घेतली. तीच संस्था आज झेबू पैदासकारांची राष्ट्रीय संघटना म्हणून ओळखली जाते. वासरू जन्मले की आईबापांच्या नावानिशी त्याची नोंद होते. ते वयात आले की तपासनीस गोठ्यावर येऊन पाहतो आणि मगच पक्का दाखला मिळतो. आईबाप ठाऊक नसलेल्या, पण जातीच्या खुणा पुऱ्या असलेल्या जनावरासाठी वेगळी वही आहे. पक्का दाखला केवळ मालकाच्या शब्दावर मिळत नाही, हीच त्या वहीची पत.

एक घराणे, एक वळू

सेल्सो गार्सिया सिद हे स्पेनमधून आलेले गृहस्थ. पाराना राज्यातील लोंद्रिना येथे त्यांनी 1934 मध्ये भागीदारीत बसवाहतुकीचा धंदा सुरू केला. तो वाढल्यावर त्यांनी शेती व गुरांकडे लक्ष वळवले. चांगले रक्त मूळ ठिकाणीच मिळेल, हा त्यांचा हिशेब होता. भावनगरचे महाराज कृष्णकुमारसिंहजी यांच्या कळपातील ‘कृष्णा’ नावाचा गीर वळू त्यांनी मिळवला आणि 1960 मध्ये इतर जनावरांसह ब्राझीलला नेला. आज ब्राझीलच्या गीर गाईंच्या वंशावळी उलगडल्या तर कृष्णाचे नाव वारंवार लागते. त्या घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनीही ही पैदास चालू ठेवली. कृष्णाचे शरीर त्यांनी मसाला भरून जतन केले. पण त्याची खरी आठवण वहीत आहे.

अशा घराण्यांच्या कळपांना पुढे दुधाच्या मापाची जोड मिळाली. 1985 मध्ये सरकारी संशोधन संस्था ‘एम्ब्रापा’ आणि दुधाळ गीर पाळणाऱ्यांची संघटना यांनी वळूंची परीक्षा सुरू केली. तरुण वळूचे रेतन अनेक गोठ्यांत वाटायचे, त्याच्या मुली व्याल्या की त्यांचे दूध मोजायचे आणि मग वळूचा दर्जा ठरवायचा. यात वर्षानुवर्षे जातात. तोवर पैदासकाराला दमच धरावा लागतो. गीर आणि होल्स्टीन यांच्या संकरातून आलेल्या ‘जिरोलांदो’ला ब्राझील सरकारने 1996 मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्या देशाच्या दूधधंद्याचा मोठा भार आज तिच्यावर आहे.

वहीमुळे धंद्याचे रूपच बदलले. जनावर गोठ्यात राहते आणि त्याचे रेतन, गर्भ, एवढेच नव्हे तर मालकीचे हिस्सेही विकले जातात. 2023 मध्ये ‘वियातिना-19’ या नेलोर गाईचा एक तृतीयांश हिस्सा लिलावात गेला, तेव्हा तिची पूर्ण किंमत 40 लाख डॉलरांहून अधिक धरली गेली. ही जात मांसासाठीची, आणि असा भाव रोजच्या धंद्याचा नव्हे. लांब कानांचा धडा येथेही विसरू नये. वहीचा आणखी एक उपयोग आहे. थोड्याच जनावरांपासून कळप वाढला की जवळच्या नात्यात जोड्या लागतात आणि नस्ल कमजोर होते. हा धोका वंशावळ असेल तरच दिसतो.

आपल्याकडे काय

गीर आपली. भावनगरप्रमाणे जुनागढच्या नवाबांनीही तिचे कळप राखले होते आणि मालधारी लोकांना आपल्या गाईंच्या पिढ्या तोंडपाठ असत. सरकारी फार्मवर नोंदीही झाल्या. पण गावोगावची बहुतेक जनावरे वहीबाहेर राहिली आणि तोंडी ज्ञान त्या माणसांबरोबर गेले. आता ब्राझीलच्या गीरचे रेतन भारतात आणण्याचे प्रयत्न होतात. आपल्याच घरचा माल परत मागावा लागतो, तो माल त्यांच्याकडे होता म्हणून नव्हे, तर त्यांनी हिशेब ठेवला म्हणून.

हे काम उद्यापासून सुरू करता येते आणि त्याला भांडवल लागत नाही. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असेल तर तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. कृत्रिम रेतन करताना कांडीवरील वळूचा क्रमांक विचारून टिपून घ्यावा. व्यायल्याची तारीख आणि महिन्यातून एक दिवस दोन्ही वेळचे दूध मोजून नोंदवावे. कमी दूधही तितक्याच इमानाने लिहावे, कारण सोयीचेच आकडे असलेल्या वहीला बाजारात कोणी विचारत नाही. पाच-सात वर्षांनी त्या गोठ्यातील कालवड विकायला निघेल, तेव्हा गिऱ्हाईक आधी वही मागेल आणि नंतर कालवड पाहील.