टीव्हीवर पिक्चर अडकतोय? आधी सबटायटल तपासा

आजचा प्रश्न: रास्पबेरी पायवरून टीव्हीवर पिक्चर लावला की गोल चक्र का फिरत बसतं?

दर वेळी वायफायला शिव्या घालू नका. टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालली, तर पायला ती फक्त पोचवायची असते. नाही चालली, तर पिक्चर चालू असतानाच नव्यानं एन्कोड करावा लागतो. हेच ट्रान्सकोडिंग. २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ मध्ये तर त्यासाठी वेगळं हार्डवेअरच नाही, सगळा भार सीपीयूवर.

आमच्या डोंबिवलीच्या घरी आजीला कमी ऐकू येतं, त्यामुळे सबटायटल बंद करून चालणार नव्हतं. आणि गोची तिथंच होती! ब्ल्यू-रेची पीजीएस सबटायटल म्हणजे अक्षरं नव्हेत, चित्रं. टीव्हीला ती झेपली नाहीत की सर्व्हर ती व्हिडिओवरच छापत बसतो.

मग करायचं काय? जेलीफिनच्या डॅशबोर्डवर ट्रान्सकोडिंगचं कारण दिसतं, ते वाचा. सबटायटल असेल तर पिक्चरच्याच नावाची एसआरटी फाइल त्याच फोल्डरमध्ये टाका आणि तीच निवडा. व्हिडिओ कोडेक असेल तर लॅपटॉपवर एकदाच एच.२६४ करून ठेवा. फक्त ऑडिओ असेल तर टेन्शन नको, ते काम हलकं असतं.