बाकी काय विशेष?

प्रमोशन, फ्लॅट, फॉरेन, फेरे... कॉलेजच्या ग्रुपवर बातम्यांचा नुसता पाऊस पडतोय. पण जुन्या गँगची खरी खबरबात त्यात असते का? नसेल तर ती काढायची कशी?

रविवारची सकाळ. तुम्ही अजून अंथरुणातच. मोबाइल हातात घ्यावा तर कॉलेजच्या ग्रुपवर ११२ अनरीड मेसेजेस! रात्री कुणीतरी डब्लिनमधल्या नव्या घराच्या किल्लीचा फोटो टाकलेला असतो. त्याखाली ‘काँग्रॅट्स’ची ही लांबलचक रांग. मग केक, फुलं, नाचणाऱ्या बाईचे इमोजी. मग ‘पार्टी कधी?’ हा सनातन प्रश्न. आणि ज्याला कॉलेजातही कधी संदर्भ लागायचा नाही, तो शेवटी येऊन विचारतो, ‘कोणाचं काय झालं?’ तुम्ही एक अंगठा टाकता आणि चहा टाकायला उठता.

झाली की गाठभेट!

आजच्या ठळक बातम्या

कुठल्याही बॅचचा ग्रुप उघडा, वार्ताहर तेच असतात. पहिले, प्रमोशनवाले. एप्रिल-मे हा यांचा सीझन. आधी लिंक्डइनवर जाम ‘हम्बल’ होतात आणि मग त्याचाच स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात. दुसरे, फ्लॅटवाले. बुकिंग, स्लॅब, पझेशन, वास्तुशांत... बातमीचे चार भाग येतात. फक्त ईएमआयचा आकडा कुठल्याच भागात येत नाही. तिसरे, फॉरेनवाले. पहिल्या स्नोमध्ये हात पसरलेला फोटो मस्ट! आणि पहिल्याच गणपतीला रडवेल्या आवाजातली व्हॉइस नोट. चौथे लग्नाळू, ज्यांच्या प्री-वेडिंगमध्ये वाऱ्यावर उडणारी ओढणी कंपल्सरी असते. पाचवा, नवे आईबाबा क्लब. रात्री तीनला ऑनलाइन दिसणारे हेच.

आणि सहावे, सायलेंट मेंबर्स. वाचतात सगळं, बोलत काहीच नाहीत. कधीमधी एखादा अंगठा. यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता एक गोष्ट लक्षात आली का? वरच्या सगळ्या बातम्या पेढे वाटण्यासारख्या आहेत. पेढ्यांची बातमी सांगायला धीर लागत नाही. पण पंचविशी ते तिशी-पस्तिशीच्या आयुष्यात फक्त पेढेच असतात, असं कुणी सांगितलं?

स्लॅम बुक ते स्टेटस

आपल्या ताई-दादांच्या वेळी शेवटच्या वर्षी स्लॅम बुक फिरायचं. फेव्हरेट कलर, फेव्हरेट हीरो आणि शेवटी ‘कीप इन टच’. पुढे जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट आलं आणि हरवलेली अख्खी वर्गवारी सापडायला लागली. स्क्रॅप, टेस्टिमोनियल, कॉलेजच्या नावाच्या कम्युनिटीज... धमाल होती. २००६ पासून फेसबुक सगळ्यांसाठी खुलं झालं, गर्दी तिकडे वळली आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुटचं शटर पडलं. तोवर व्हॉट्सअॅपने खिशात जागा केली होती. २००९ मध्ये सुरू झालेल्या या अॅपवर २०११ मध्ये ग्रुप आले आणि प्रत्येक बॅचला आपापला कट्टा मिळाला.

२०२०च्या बॅचला तर दुसरा कट्टाच नव्हता. मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली. परीक्षा होणार की नाही यावर सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेला. २८ ऑगस्टला कोर्टाने सांगितलं, की फायनल इयरच्या परीक्षा न घेता डिग्री देता येणार नाही. मग ऑक्टोबरमध्ये मुंबई-पुण्यातल्या पोरांनी घरच्या टेबलावर बसून मोबाइल-लॅपटॉपवर पेपर दिले. ना सेंड-ऑफ, ना साड्या-ब्लेझरचे फोटो, ना कँटीनच्या अण्णांची उधारी चुकवणं. निरोपच झाला नाही, त्यामुळे ग्रुप सोडवत नाही.

पण बॉस, कट्टा आणि ग्रुप यांत एक मोठा फरक आहे. कट्ट्यावर बातमी सांगावी लागायची नाही, ती चेहऱ्यावर दिसायची. कुणी कटिंग अर्धवट ठेवला, की शेजारचा विचारायचा, ‘काय रे, काय झालं?’ ग्रुपवर चेहरा नसतो. तिथे जे टाइप केलं तेवढंच घडलं! आणि टाइप करणाऱ्याला माहीत असतं, की आपण एका मित्राला नाही, अख्ख्या वर्गाला सांगतोय. त्यात एकेकाळचा क्रश असतो, कायम आपल्यापेक्षा दोन मार्क जास्त मिळवणारी असते आणि काहीही झालं तरी मीम टाकणाराही असतो.

ब्रेक न होणारी न्यूज

आमच्या मास कॉमच्या बॅचमधला एक जण व्हिडिओ एडिटर होता. त्याची अख्खी टीमच एक दिवस बंद झाली. पुढचे पाच महिने ग्रुपवर एक शब्द नाही. उलट या पाच महिन्यांत त्याने तीन प्रमोशनना टाळ्या वाजवल्या, एका बारशाला बदाम टाकला. घरभाडं सेव्हिंगमधून जात होतं. रूममेटला वाटायचं, साहेब वर्क फ्रॉम होम करतात. (त्याच्या परवानगीनेच हे लिहितेय.)

त्याची कोंडी फुटली ती एका साध्या मेसेजने. तिसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्टमध्ये पार्टनर असलेल्या मुलीने त्याला विचारलं, की भावाच्या लग्नाचं शूट करायला माइक कुठला घेऊ? त्याने मॉडेल सांगितलं. तिने थँक्स म्हटलं आणि सवयीने पुढे लिहिलं, ‘बाकी काय विशेष?’ खरं तर या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असतं, ‘विशेष काही नाही’. तेच टाइप करून त्याने खोडलं. आणि मग जे काय आहे ते लिहून टाकलं.

तिने धीराची सुविचारवाणी ऐकवली नाही. ‘फोन करू का?’ एवढंच विचारलं. दोन आठवड्यांनी तिच्या ओळखीच्या एका छोट्या युनिटमध्ये त्याला फ्रीलान्स काम मिळालं. पैसे आधीपेक्षा कमीच आहेत. पण सकाळी उठून कुठेतरी जायचंय, हे फीलिंग परत आलं. गंमत म्हणजे ती काही त्याची जिगरी दोस्त नव्हती. जिगरी दोस्तांना तो सांगूच शकला नव्हता.

अशा न सांगितलेल्या बातम्या प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. घटस्फोटाची केस चालू असलेल्या मैत्रिणीला भर ग्रुपवर ‘जिजू कसे आहेत?’ असं विचारलं जातं आणि ती बिचारी चार दिवस गायब होते. कुणाचे बाबा डायलिसिसवर असतात. कुणाचा व्हिसा गेलेला असतो. कुणी तीन वर्षं दवाखान्याच्या चकरा मारत असतं आणि रोज दुसऱ्यांच्या बाळांचे फोटो बघत असतं. आणि कुणाचे वडील गेल्याची बातमी आलीच, तर तिच्याखाली चाळीस वेळा कॉपी-पेस्ट केलेलं ‘ओम शांती’ आणि एक्केचाळिसावा मेसेज, ‘हॅपी बर्थडे ब्रो!’

सायलेंट मेंबर्सकडे पुन्हा येऊ म्हटलं होतं ना? त्यातले सगळेच आळशी नसतात.

ती पुढे, मी मागे?

बरं, दुसऱ्यांचे पेढे आपल्याला एवढे कडू का लागतात? आपण काही जळकुकडे नाही. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच याचा फंडा मांडला होता. मोजायला फूटपट्टी नसली, की माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून बघतो, आणि तेही साधारण आपल्यासारख्याच माणसाशी. अंबानींचं घर बघून आपली झोप उडत नाही. पण एकाच बाकावर बसलेल्या, एकाच झेरॉक्सवर पास झालेल्या पोराचा टू बीएचके सॉलिड टोचतो. स्टार्ट लाइन एकच होती ना! फक्त आपण त्याच्या ठळक बातम्यांची तुलना आपल्या पूर्ण बुलेटिनशी करतो, तिथे गडबड होते.

लांबचे मित्र, जवळचं काम

आता जरा प्रॅक्टिकल बोलू. जुना क्लासमेट हा फक्त नॉस्टॅल्जियाचा विषय नाहीये. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्यांना त्याने विचारलं, ही नोकरी ओळखीतून मिळाली असेल, तर त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटायचात? ‘वारंवार’ म्हणणारे १०० मागे जेमतेम १७. ‘अधूनमधून’ म्हणणारे ५६ च्या आसपास. आणि ‘क्वचितच’ म्हणणारे जवळपास २८! अभ्यास छोटाच होता, पण मुद्दा मोठा निघाला. रोजचे मित्र आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यांना जे माहीत ते आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर लांबच्यांकडून येते. आणि हे लांबचे म्हणजे कोण, याचं उदाहरण देताना त्याने कॉलेजच्या जुन्या मित्राचंच नाव घेतलंय.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटी लोकांवरचा मोठा अभ्यास आला. त्यातही नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडली ती फार घट्ट नाही आणि अगदीच तुटकही नाही अशी, मधली ओळख. म्हणजे आपली प्रोजेक्ट पार्टनर!

मग अडतं कुठे?

अडतं बोटांत. ‘इतक्या वर्षांनी मेसेज केला तर काय म्हणेल? काम असेल म्हणून आठवण आली, असं वाटलं तर?’ हे तुमचं एकट्याचं नाही. लारा अॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना त्यांच्या जुन्या मित्राला मेसेज लिहायला वेळ दिला. नंबर होता, इच्छा होती, समोरच्याला आवडेल असंही वाटत होतं. तरी एकतृतीयांशापेक्षा कमी लोकांनी तो पाठवला! अनोळखी माणसाशी बोलायला आपण जेवढे बिचकतो, तेवढेच जुन्या मित्राला मेसेज करायला बिचकतो.

आणि पलीकडच्याला काय वाटतं? पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सुमारे ५,९०० जणांवर केलेले प्रयोग सांगतात, की आपल्या मेसेजने समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज आपण कायम कमीच धरतो. मेसेज जितका अनपेक्षित, तितका त्याचा आनंद जास्त. थोडक्यात, ‘आता फार उशीर झाला’ हे आपलं कारण उलटं आहे.

‘बाकी’ काढायची कशी? (कापून फ्रिजवर लावा!)

• वॉर्म-अप करा. अॅकनिन-सँडस्ट्रॉम यांचाच उपाय: आधी नेहमीच्या दोन-तीन मित्रांना मेसेज टाका, हात मोकळा झाला की जुन्याकडे वळा. असं केल्यावर मेसेज पाठवणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यापुढे गेलं.

• ग्रुपवर नको, पर्सनलवर. लग्न, बाळ, पगार आणि तब्येत हे चार विषय चारचौघांत विचारायचेच नाहीत.

• ‘हाय’ टाकून थांबू नका. समोरचा घाबरतो, विमा पॉलिसी विकताय की काय! ‘आज मिसळ खाताना तुझा तो तिसरा पाव आठवला’ असं काहीतरी नेमकं लिहा.

• आधी स्वतःचं थोडं खरं सांगा. ‘सध्या माझी जाम ओढाताण चाललीय’ असं तुम्ही म्हटलंत, की पलीकडच्याला ‘सगळं मस्त’ म्हणायची सक्ती उरत नाही.

• दुःखाच्या बातमीला फोन. नाही उचलला तरी चालेल, मिस्ड कॉल दिसतो. ‘काही लागलं तर सांग’पेक्षा ‘शनिवारी डबा घेऊन येतेय’ हे जास्त कामाचं.

• ऐकलेलं तिथेच ठेवा. मित्राने सांगितलेली बातमी ग्रुपवर फोडलीत, तर तो पुन्हा कुणालाच सांगणार नाही.

• काम असेल तर सरळ सांगा. ‘नोकरी शोधतेय, तुमच्याकडे ओपनिंग आहे का?’ यात कमीपणा कसला? आडवळणाने विचारलेलंच खटकतं.

पन्नास जणांना मेसेज करायची गरज नाही. ग्रुपची मेंबर लिस्ट उघडा, खाली स्क्रोल करा. ज्याचा डीपी दोन वर्षांत बदललेला नाही, जो टाळ्या वाजवतो पण स्वतःचं काहीच सांगत नाही, असं एक नाव सापडेलच. आज लंच ब्रेकमध्ये त्याला पिंग करा. त्याने ‘विशेष काही नाही’ म्हटलं, तरी लगेच ‘ओके, बाय’ करू नका. एक मिनिट थांबा. ‘टायपिंग...’ दिसतंय का बघा.