तरंगत्या धक्क्यावर शिडाची कयाक

कामशेतजवळ कुंडली नदीवर बांधलेल्या वडिवळे धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि पावसाळ्यात पुन्हा चढतं. अशा जलाशयात तरंगता धक्का सोयीचा, कारण तो पाण्याबरोबर वर-खाली होतो. नांगराचे दोर मात्र पातळी पाहून सैल किंवा ताठ करत राहावं लागतं.

कयाक धक्क्यावर पालथीच ठेवावी. उताणी राहिली तर मावळातला पाऊस बसायच्या खोबणीत साचतो, आणि 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन! डोलकाठी आणि शीड उतरवून घरी न्यावं. गुंडाळलेलं शीडही वाऱ्यात फडफडून फाटतं. बांधायला दोन रुंद पट्टे पुरतात, पण ते करकचून आवळू नयेत. एप्रिल-मेच्या उन्हात पॉलिएथिलीन मऊ पडतं आणि पट्ट्याखाली खड्डा पडतो, तो पुरता निघेलच असं नाही. त्याहून वाईट अतिनील किरण. त्यांनी प्लॅस्टिक ठिसूळ होतं. ताडपत्री जरूर घालावी, फक्त खालून वारा खेळता ठेवावा. गोड्या पाण्यात गंजाची धास्ती कमी, शेवाळाची जास्त. खरं सांगायचं तर पावसाळ्याचे चार महिने कयाक किनाऱ्यावरच्या शेडमध्येच बरी.